मॉरिशसमध्ये तुती लावायची आहे, वाण कोणता घ्यावा?

सासुरवाशीण

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, लग्नानंतर मॉरिशसला आले. सासरचे मराठीच, पण पाच पिढ्या इथल्या. घरात क्रिओल, देवघरात मराठी, असा कारभार. सासऱ्यांचा ऊस होता. युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा ठरलेला भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि लहान शेतकऱ्यांचं गणित तेव्हापासून बसेना. आमच्या जमिनीचे दोन तुकडे आता पडून आहेत.

एक तुकडा व्हाक्वाच्या वरच्या अंगाला आहे. उंची चारशे मीटरच्या पुढे, पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, हवा कायम दमट. दुसरा कास्काव्हेलच्या बाजूला, पश्चिम किनाऱ्याजवळ. तिथे पाऊस हजाराच्या आत, ऊन कडक, पाणी विकतचं. दोन्हीकडची जमीन काळ्या दगडाची, मधेमधे उसाच्या काळात रचलेले दगडांचे ढीग.

रेशीम किडे पाळून हातानेच थोडं सूत काढायचं आणि पर्यटकांसाठी छोट्या वस्तू करायच्या, असा विचार आहे. मोठा उद्योग नाही. गावाकडे ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, "व्ही-१ लाव आणि मोकळी हो." उष्ण बेटावर, दमट हवेत तेच खरं का? अनुभवी लोकांनी लिहावं.

बीडचा_रेशीमवाला

ताई, मी पण व्ही-१ च म्हणणार. आमच्याकडं ऊस-कापूस सोडून तुतीवर आलेल्यांत शंभरातल्या नव्वद जणांकडं तोच आहे. पान जाड, मोठं, फाटे नसलेलं. बेणं लावलं की फुटतंच, मर कमी. ५×३×२ फुटांच्या पट्ट्यात लावा, ठिबक टाका, शेणखत भरपूर द्या. फांदीसकट कापून अळ्यांच्या रॅकवर टाकायचं, मजूर कमी लागतो.

बाकी तुमच्याकडं उन्हाळा किती? आमच्याकडं मे महिन्यात ४२ डिग्री होतं, तेव्हा शेडवर पोती ओली करून टाकावी लागतात. त्यातून अळी वाचते तर तुमच्याकडं का नाही वाचणार?

निवृत्त_तुतीवाला

रेशीमवाले, ४२ डिग्रीला कोरडी हवा असते हो. पोतं ओलं केलं की तापमान उतरतं. बेटावर हवाच भिजलेली असते, तिथे ही युक्ती चालत नाही. सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

मी म्हैसूरकडे तुतीच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर चहा घ्या.

व्ही-१ हा म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिलेला वाण. एस-३० ही आई, बंगालातल्या बहरामपूरचा सी-७७६ हा बाप. पत्रकावर हेक्टरी ६० टन पाला लिहिलेला असतो. हा आकडा पुरेसं पाणी, पूर्ण खत, निचऱ्याची जमीन आणि म्हैसूरच्या पठाराची हवा यांचा मिळून आहे, एकट्या वाणाचा नाही. एकराला २४ टन झाले. शंभर अंडीपुंजांना (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) साधारण एक टन पाला धरला तर वर्षाला चोवीसशे अंडीपुंज निघायला हवेत. रेशीमवाले, तुम्ही एकरात वर्षाला किती घेता?

बीडचा_रेशीमवाला

दोनशे पुंजांच्या चार, लई झालं तर पाच बॅच. म्हणजे आठशे ते हजार.

निवृत्त_तुतीवाला

बरोबर. तुम्ही वाईट शेतकरी नाही, पत्रकातला आकडा तुमच्या शेताचा नाही इतकंच. तेव्हा ताई, वाण निवडताना टनाचा रकाना आधी झाकून ठेवा. दमट बेटावर पहिला प्रश्न असा: या वाणाचं पान बुरशीला किती बळी पडतं?

पावसात पानांवर ठिपके येतात, सर्कोस्पोरा नावाची बुरशी. पाऊस सरून हवा गार झाली की तांबेरा आणि भुरी. तांबेऱ्यात पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या दिसतात, पान पिवळं होऊन गळतं. भुरीत पांढरी पूड. नेमकी तीच गार हवा अळीला मानवते. म्हणजे अळी पाळायच्या चांगल्या महिन्यांत पान रोगट मिळणार, हा खरा पेच आहे. तमिळनाडूत भुरीसाठी एमआर-२ हा वाण पुढे आला तो याच कारणाने. त्याचं टन कमी, पण पूड नसलेलं पान अळी खाते.

बुरशीवर औषध मारता येतं, पण मारल्यावर ठरलेले दिवस थांबावं लागतं. दमट जागी तो थांबण्याचा काळ आणि बॅचची तारीख सतत एकमेकांवर आदळतात. म्हणून रोग सोसणारा वाण औषधापेक्षा स्वस्त पडतो.

दुसरं, निचरा. व्ही-१ ला पाणी हवं, पण पायाशी साचलेलं नको. साचलं की मूळकूज. पाणी तुंबणाऱ्या भागासाठी बहरामपूरच्या केंद्राने सी-२०२८ काढला आहे. दगडाळ उतारावर तुम्हाला तो लागणार नाही, पण व्हाक्वाच्या तुकड्यात सखल कोपरा असेल तर लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट पुस्तकात उलटी लिहिलेली असते. पैदासकार पानातला ओलावा टिकण्याला मोठे गुण देतात. पान तोडल्यावर सहा तासांनी त्यात किती पाणी उरलं ते मोजतात. कोरड्या मराठवाड्यात हा गुण सोन्याचा. व्हाक्वाच्या हवेत मात्र पान वाळतच नाही, उलट रॅकवरचा उरलेला पाला ओलाच राहतो आणि खाली मस्कार्डिन, म्हणजे अळीला होणारा बुरशीचा रोग, फोफावतं. तिथे अतिरसाळ पान हवंच कशाला? कास्काव्हेलच्या वाऱ्यात मात्र हाच गुण पुन्हा कामाला येईल. तुमचे दोन तुकडे तासाभराच्या अंतरावर असतील, पण तुतीच्या हिशेबाने ते दोन वेगळे जिल्हे आहेत.

कुडाळकर

काका बरोबर बोलतायत. आमच्या सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटर पाऊस. मी अर्धा एकर व्ही-१ लावलेला. जांभा जमीन, निचरा उत्तम, झाड मस्त वाढलं. पण जून ते सप्टेंबर पान सुकवायचं कुठे? पडवीत, माळ्यावर, दोरीवर फांद्या टांगून, पंखा लावून. ओला पाला घातला की अळीच्या चौथ्या-पाचव्या अवस्थेत (कात टाकत टाकत तिच्या पाच अवस्था होतात) फ्लॅचरी हा रोग. अळ्या मऊ पडतात, काळ्या होतात, वास सुटतो. तो वास एकदा शेडमध्ये आला की बॅच विसरायची.

आता मी पावसात बॅच घेतच नाही. ऑक्टोबर ते मे घेतो. पावसाळ्यात झाडं नुसती वाढू देतो आणि गणपतीनंतर छाटतो. वर्षाकाठी बॅच कमी होतात, पण झाल्या त्या हातात येतात.

अजून एक. सतत पाऊस पडला की जमिनीतलं सगळं वाहून जातं. पान मोठं दिसतं पण पोकळ, पाण्याचं. अळी खाते खूप, कोष हलका. शेणखत आणि चुना यांच्यावर हात आखडू नका.

तुतीची_पोळी

अवांतर: तुतीचा मुरंबा कुणी करतं का? आमच्या बागेतल्या झाडाखाली पोरं रोज जांभळी होऊन येतात आणि पांढरे शर्ट माझ्या नावावर.

सासुरवाशीण

तुतीची_पोळी, इथे फळं माणसांना मिळतच नाहीत, बुलबुल आधी संपवतात. शेंडीवाले बुलबुल इथे बाहेरून आले आणि बेटभर पसरले. सासूबाईंच्या परसात एक जुनं तुतीचं झाड आहे. कुणी लावलं ते घरात कुणाला आठवत नाही. पानं लहान, फाटे असलेली, पातळ. त्याला काही किंमत आहे का?

दुसरं म्हणजे चक्रीवादळ. नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा आमचा वादळांचा काळ. जानेवारी-फेब्रुवारीत जास्त भीती. ऊस आडवा होतो आणि परत उठतो, म्हणून तर दोनशे वर्षं इथे ऊस आहे. तुतीचं काय?

निवृत्त_तुतीवाला

सासूबाईंच्या झाडाला नक्की किंमत आहे. ते झाड इतकी वादळं पाहून उभं आहे. पावसाळा संपल्यावर त्याच्या पानांच्या खाली बघा. तांबेरा नसेल किंवा कमी असेल तर त्याच्या फांद्या बेणं म्हणून जपा. पान पातळ असलं तर पहिल्या दोन अवस्थांच्या अळ्यांना, म्हणजे चॉकीला, पोसता येतं. नाहीतर त्याच्या रोपावर व्ही-१ चा डोळा बांधा. खोड तिथलं, पान आपलं. जपानी वाण फांदीपासून नीट मुळं धरत नाहीत, म्हणून तिकडे कलम ही रोजची गोष्ट आहे. आपल्याकडे बेणं सहज फुटतं म्हणून आपण कलमाकडे वळत नाही.

वादळात हे खरंच महत्त्वाचं आहे. बेण्यापासून आलेल्या झाडाला सोटमूळ नसतं, मुळं आडवी पसरतात. बियांच्या रोपाला सोटमूळ असतं. उंच झाड करायचं असेल तर बियांच्या खुंटावरचं कलम बरं. पण तुम्ही उंच झाड करूच नका. झुडूप ठेवा आणि डिसेंबरच्या शेवटी जमिनीपासून वीतभर राखून खाली छाटा. वादळाला धरायला काही उरणार नाही. छाटणीनंतर साठ-सत्तर दिवसांत पान येतं, म्हणजे मार्चच्या सुमाराला पहिली तोड. ती पावसातली तोड वाया गेली तरी चालेल. पुढची छाटणी अशी धरा की मे ते ऑक्टोबरच्या गार महिन्यांत पान हाताशी असेल. तुमच्याकडे ऋतू उलटे आहेत, तेव्हा इथल्या बॅचचं कॅलेंडर भिंतीवर लावू नका.

तुतीची वाढ १२-१३ अंशांखाली थांबते. बेटावर तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे झाड झोपत नाही, वर्षभर फुटतं. आणि म्हणूनच थंडीची सवय असलेले वाण तिथे नेऊ नयेत. इचिनोसे, गोशोएरामी ही काश्मीरकडची लाडकी नावं आहेत. त्यांना हिवाळ्याची झोप लागते, ती नाही मिळाली की ती नीट फुटत नाहीत.

नाहाहून

मी ओकिनावात राहते, शेती करत नाही, पण बेटाचा विषय निघाला म्हणून लिहिते. इथे शिमागुवा नावाची रानटी तुती सगळीकडे आहे. शास्त्रीय नाव मोरस ऑस्ट्रॅलिस. कुंपणात, समुद्राच्या बाजूच्या टेकडीवर, कुठेही. वादळ येऊन पानं खारट वाऱ्याने करपली तरी ती पुन्हा फुटते. जवळच्या कुमेजिमा बेटावर कुमेजिमा-त्सुमुगी नावाचं रेशमी कापड हातमागावर विणतात, झाडापाल्याच्या आणि चिखलाच्या रंगात रंगवून. जपान सरकारने २००४ मध्ये त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. रेशीम टनावर नाही, नावावर विकलं जातं. सासुरवाशीण ताईंनी त्या बाजूनेही बघावं.

वादळानंतर मात्र पानांवर मिठाचा थर दिसतो. ते पान अळीला घालता येतं का, हे जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_तुतीवाला

घालू नये. पाऊस पडून पान धुतलं गेलं तर ठीक, नाहीतर करपलेली फांदी सरळ छाटून नवी फूट येऊ द्यावी. वादळाच्या महिन्यांत शेडमध्ये पाचव्या अवस्थेतल्या अळ्या असू नयेत, हे सगळ्यात सोपं. सगळ्या आयुष्यातला ८० ते ८५ टक्के पाला अळी त्या शेवटच्या अवस्थेत खाते. त्या आठवड्यात पाला तुटला तर बदली मिळत नाही.

कास्काव्हेलच्या तुकड्याबद्दल. पाणी विकतचं आहे तर त्याची क्षारता आधी मोजून घ्या. किनाऱ्याजवळ बोअर असेल तर नक्कीच. क्षार जास्त निघाले तर सी-७७६ चा विचार करा, तो खारं पाणी सोसतो. व्ही-१ त्याचाच मुलगा, पण बापाचा हा गुण पूर्ण उतरला असं धरून चालू नका. माती चुनखडीची, सामू आठच्या पुढे असेल तर एआर-१२. पाणी गोड पण तोकडं असेल तर एस-१३ किंवा आरसी-१. एस-१३ लाल जमिनीत पावसाच्या पाण्यावर घेण्यासाठीच निवडलेला आहे. आरसी-१ कमी पाणी, कमी खत अशा शेतकऱ्यासाठी. आणि ठिबकला हवं तेवढं पाणी मिळणार असेल तर तिथे व्ही-१ बिनधास्त लावा. कोरडी हवा, ऊन, निचरा, सगळं त्याच्या मनासारखं.

नारळाच्या सावलीत लावायचं कुणी विचारलं नाही, पण बेटावर हा प्रश्न येतोच. त्यासाठी सहाना हा वाण आहे, कान्वा-२ आणि कोसेन यांचा संकर. अर्धवट सावलीत बाकी वाण लांबट होतात, पान विरळ येतं. सहाना त्यातल्या त्यात तग धरतो.

कुडाळकर

हे सहानाचं मला आजच कळलं. माझ्या माडाखाली जागा पडून आहे. बेणं कुठे मिळेल?

निवृत्त_तुतीवाला

जिल्हा रेशीम कार्यालयात मागणी द्या. त्यांच्याकडे नसेल तर म्हैसूरकडून मागवून देतात. खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, दिसायला सगळी बेणी सारखीच.

आणि ताई, तुमच्यासाठी हीच अडचण मोठी आहे. इथून पिशवीत बेणं भरून विमानात बसू नका. तुमच्याकडे आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि भारतातून वनस्पतीचं बीजद्रव्य बाहेर न्यायला २००२ च्या जैवविविधता कायद्याची वेगळी परवानगी. मुळांबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, गेले तर बेटावरून ते परत निघत नाहीत. रेदुईच्या वनस्पती संरक्षण कार्यालयात आधी चौकशी करा. सरकारी मार्गाने, मातीशिवाय, थोडंच बेणं मागवा. होसूरच्या केंद्राकडे तुतीचे हजाराच्या वर नमुने जतन केलेले आहेत, विचारायला हरकत नाही.

बीडचा_रेशीमवाला

काका, सगळं झालं पण अळी कुठली? ती तर तुमी बोललाच नाही. आमच्याकडं दुबार संकर, वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातींचा. चॉकी सेंटरवरून दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणतो. बेटावर चॉकी सेंटर कुठं असणार? आणि शेजारी भाजीवाला फवारणी करत असेल तर? आमच्याकडं वाऱ्यानं औषध आलं आणि एकाची पूर्ण बॅच गेली.

सासुरवाशीण

फवारणीचं बरं आठवलंत. इथे डासांसाठी धूर मारतात. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती, तेव्हापासून लोक जागरूक आहेत. चॉकी केंद्र वगैरे काही नाही. सगळं मलाच करावं लागेल.

निवृत्त_तुतीवाला

रेशीमवाल्यांनी मुद्द्यावर आणलं. वाण आणि अळी वेगळं ठरवता येत नाही.

दुबार जातीचा कोष मोठा, त्याच्या वजनात रेशमी कवच २०-२२ टक्के, सूत लांब. पण अळीला उत्तम पान आणि २४-२५ अंश लागतं. शिवाय अंडी सुप्तावस्थेत जातात, त्यांना आम्लप्रक्रिया करून उबवावं लागतं. ती सोय बेटावर नाही, म्हणजे प्रत्येक बॅचची अंडी बाहेरून. बंगालातल्या निस्तरीसारखी बहुवार, म्हणजे वर्षाला अनेक पिढ्या होणारी, जात उष्ण, दमट हवा सोसते, थोडं हलकं पानही चालवून घेते आणि तिची अंडी आपोआप फुटतात. कवच १२-१३ टक्केच, सूत आखूड. पण तुम्ही गिरणीला विकणार नाही. हातानं कातायचं, पर्यटकाला दाखवायचं, तर बहुवार जात तुम्हाला सोयीची. कोष फोडून पतंग बाहेर आला तरी त्या कोषाचं सूत कातता येतं.

मात्र स्वतःच अंडी धरायची तर प्रत्येक मादी अंडी घातल्यावर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पेब्रिन या अळीच्या रोगाचे बीजाणू दिसले तर तिची अंडी जाळायची. पाश्चरने फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात हीच पद्धत बसवली आणि आजही तीच चालते. पेब्रिन अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. बेटावर एकदा शिरला तर सगळी जात टाकून नव्याने सुरू करावं लागतं. एक साधा सूक्ष्मदर्शक घ्या, वापरायला शिका. वाणापेक्षा आधी त्याचा खर्च धरा.

आता बहुवार अळी धरली तर व्हाक्वाला व्ही-१ चा हट्ट आणखी कमी होतो. तिथे तीन ओळी सासूबाईंच्या झाडाच्या, तीन एमआर-२ च्या, तीन एस-१६३५ च्या आणि तीन व्ही-१ च्या लावा. एस-१६३५ त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) आहे, बंगालच्या दमट हवेत वाढलेला. बंगाल आणि व्हाक्वा एक नव्हे, पण म्हैसूरपेक्षा जवळचं. ओळी आलटून पालटून लावा, सगळा व्ही-१ एका कोपऱ्यात नको, नाहीतर जमिनीचा गुण वाणाच्या नावावर जमा होतो.

सासुरवाशीण

आणि त्यातला चांगला कोणता हे ठरवायचं कसं? टन तर झाकून ठेवायला सांगितलेत.

निवृत्त_तुतीवाला

अळीला विचारायचं. पाचवी अवस्था सुरू होताना एकाच बॅचच्या अळ्या मोजून वेगळ्या करा, प्रत्येक वाणाला शंभर. शेवटपर्यंत त्यांना त्याच वाणाचं पान. किती मेल्या, कोष किती झाले, कोषाचं वजन आणि कवचाचं वजन, एवढं वहीत लिहा. एकदा ओल्या दिवसांत, एकदा गार दिवसांत. पानाचा रोगही त्याच वहीत लिहा: कोणत्या महिन्यात, खालच्या किती पानांवर. दोन वर्षांनी ती वही कुठल्याही पत्रकापेक्षा उपयोगी पडेल, आणि हो, तेव्हा टनाचा रकानाही उघडा. जे वाण आधीच्या चाळणीतून उरतील त्यांत जास्त पाला देणारा अर्थातच घ्यायचा.

जागा शेडजवळची ठेवा. रस्त्यापासून आणि भाजीच्या मळ्यापासून लांब. पालिकेला सांगून ठेवा की धुराच्या आदल्या दिवशी कळवावं. खिडक्यांना बारीक जाळी.

बीडचा_रेशीमवाला

आन् ताई, चॉकीसाठी वेगळा छोटा वाफा ठेवा. मोठ्या अळीच्या पानातनं कोवळं शोधत बसलं की दोन्ही बिघडतं.

निवृत्त_तुतीवाला

अगदी. त्यासाठी जी-२ नावाचा वाण आहे, चॉकीसाठीच काढलेला. मिळाला तर उत्तम, नाहीतर परसातलं झाड आहेच. त्याला फक्त वेगळी छाटणी आणि जास्त शेणखत.

सासुरवाशीण

म्हणजे व्हाक्वाला बारा ओळींची चाचणी, कास्काव्हेलला आधी पाण्याचा आणि मातीचा तपास, आणि परसातल्या झाडाची बेणी याच महिन्यात. दोन्ही तुकड्यांची माती प्रयोगशाळेत देते, आकडे आले की इथेच टाकते. एक राहिलं: इथे मोठ्या आफ्रिकन गोगलगायी फार आहेत, कोवळी फूट खाऊन टाकतात. आणि माकडं.

कुडाळकर

गोगलगायी आमच्याकडे पण. संध्याकाळी ओली गोणपाटं ओळीत टाकायची, सकाळी उचलून त्याखालच्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात. गोळ्या टाकू नका, शेडजवळ विष नकोच. नवीन लागवडीला दोन महिने हे रोज करावं लागतं, नंतर खोड जून झालं की त्रास कमी.

माकडांचं मात्र कुणाला जमलं असेल तर मलाही सांगा.